संगीतांकातले फोटो आणि कापलेला तंबोरा

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मागणी साधी होती. "तुझ्याकडे संगीतांकाचे जुने फोटो असतील ते दे, आणि सोबत चार ओळी लिही." फोटो शोधायला माळ्यावर चढलो आणि चार ओळींचा हा लेख झाला. लांबला आहे, पण आपल्याच घरचं आहे, सांभाळून घ्या.

ज्यांना संगीतांक आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 1985 ते 1988 अशी चार वर्षं आपल्या शाळेतल्या मुलामुलींनी दर वर्षी एक 32 पानी अंक काढला. त्यात फक्त संगीत. रागांची ओळख, गावातल्या जुन्या बैठकींच्या आठवणी, वाद्यं कशी बनतात त्याची माहिती, परीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावं आणि मधल्या पानांवर फोटो. प्रती 300. छपाई खिळ्यांची. जाहिराती आपण सायकलवरून फिरून गोळा करायचो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरोघर अंक वाटायचो. माझ्याकडे फोटोंचं खातं होतं. माझी दहावी 1988 ची, म्हणजे शेवटच्या अंकाची. त्या शेवटच्या अंकातल्या एका फोटोबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे, पण त्याआधी जरा मागे जावं लागेल.

शाळेतल्या मुलांनी संगीताचा अंक काढावा हे दुसऱ्या एखाद्या गावात नवल वाटलं असतं. मिरजेत नाही वाटलं. तलवारी आणि भाले घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सतारी आणि तंबोरे करायला घेतले, आणि त्यातले फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव आजही गल्लीत पहिलं घेतलं जातं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले. त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1931 साली पलुस्करांनी देह ठेवला तोही मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले, 1937 मध्ये दक्षिणेच्या प्रवासात रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि दफन मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या सभेला आपण सगळेच लहानपणी सतरंजीवर झोपून जागलो आहोत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची कचेरी गावात, आणि मंडळाचं 'संगीत कला विहार' हे मासिक शाळेच्या ग्रंथालयात यायचं. ते चाळता चाळता आपल्या संगीताच्या बाई एकदा म्हणाल्या, "मोठ्यांचं मासिक आहे, मग मुलांचं का असू नये?" संगीतांकाचा जन्म हा असा झाला.

फोटोंचा हट्ट मात्र चित्रकलेच्या सरांचा. त्यांना छापील पानाचं वेड होतं. जवळच्या किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या वाडीतून अख्ख्या महाराष्ट्राला चित्रांसकट मासिक वाचायला लावलं, ही गोष्ट ते दर वर्षी सांगत. "नुसता मजकूर असलेला अंक म्हणजे बिनमिठाची भाकरी," असं त्यांचं म्हणणं होतं.

गाताना फोटो

त्या काळात गवयांचे जुने फोटो आपण पाहत होतो ते दिवाणखान्यातल्या भिंतींवर. सगळे सारखेच. फेटा किंवा टोपी, कोट, पाठीमागे रंगवलेला पडदा, मांडीवर किंवा शेजारी वाद्य आणि नजर समोर. सरांनी एकदा वर्गात विचारलं, "यातला एक तरी माणूस गातोय का?" कुणीही गात नव्हतं. त्याचं कारण कॅमेऱ्यात होतं. काचेच्या प्लेटांना उजेड पुष्कळ लागायचा, काही सेकंद तरी माणसाने हलायचं नाही, आणि गाणारा माणूस हलल्याशिवाय राहत नाही. म्हणून गवयाला स्टुडिओत आणून गप्प बसवावं लागे. 1925 मध्ये लायका हा छोटा 35 मिलिमीटरचा कॅमेरा बाजारात आला, पुढे फिल्म वेगवान होत गेली, तेव्हा कुठे कॅमेरा बैठकीत शिरला आणि उघड्या तोंडाचा, मिटल्या डोळ्यांचा, हात वर गेलेला गवई कागदावर दिसू लागला.

संगीतांकाच्या पहिल्या वर्षी आपल्याकडे होता आगफा क्लिक थ्री, तोही घरून मागून आणलेला. दिवसा उजेडात सहलीचे फोटो काढायला उत्तम. 120 चा रोल घालायचा, 12 फोटो निघायचे. गॅदरिंगच्या रात्री त्यातून आलेले 12 च्या 12 फोटो काळे निघाले. स्टेज, गायक, तबला, सगळं गडप, फक्त वरच्या दिव्यांचे पांढरे ठिपके. तो पहिला अंक आपण फोटोंऐवजी सरांनी काढलेल्या रेखाचित्रांवर भागवला.

दुसऱ्या वर्षी स्टेशन रोडजवळच्या स्टुडिओवाल्या काकांनी आपल्याला हाताशी घेतलं. त्यांच्याकडे पेंटॅक्स के-1000 होता. जड, सगळं हाताने फिरवायचं, आत बघितलं की बाजूला एक काटा वरखाली व्हायचा, तो मधे आला की उजेड बरोबर. काका रोल कधी ओर्वोचा द्यायचे, तर कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. गाण्याला 400 चा. काळा-पांढरा, कारण रंगीत रोल धुवायला बाहेरगावी पाठवावा लागे आणि अंकही एका शाईतच छापायचा होता. एका सभेला एकच रोल, 36 फोटोंचा. काका तो इतका काटकसरीने भरायचे की कधी 37 वा किंवा 38 वा फोटोही निघायचा आणि तो लॉटरी लागल्यासारखा वाटायचा.

संगीताच्या बाईंचे नियम दोन होते. फ्लॅश मारायचा नाही. आणि आलापी चालू असताना "खटॅक" असा आवाज करायचा नाही. त्या कॅमेऱ्याचा आवाज किती मोठा होता ते तिसऱ्या रांगेपर्यंत बसलेल्यांना ठाऊक आहे. फ्लॅश नाही म्हणजे भिंग पूर्ण उघडायचं, दोनचं छिद्र, आणि वेळ सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या वेळात तान घेणाऱ्याचा हात फोटोत धूर होऊन जातो. म्हणजे फोटो काढायचा तर गायक स्थिर हवा, पण गायक स्थिर असतो तेव्हा सभाही शांत असते आणि बटण दाबता येत नाही.

ह्यावर तोड काकांनी काढली. ते स्वतः भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. म्हणाले, "बंदिशीचा मुखडा ओळख. समेवर सगळे मान डोलावतात, कुणी 'वा' म्हणतं, तबल्याचा ठोका पडतो. त्या गलक्यात तुझा आवाज जिरतो. आणि समेला आल्यावर गाणाऱ्याचा हात क्षणभर जिथल्या तिथे थांबतो. ठोक्याच्या मागोमाग दाब. आधी नको." मी तबला शिकायला बसलो तो या कारणाने. तालाच्या मात्रा मोजत, श्वास रोखून, कोपरं छातीशी दाबून फोटो काढायचे. आपल्या वर्गातल्या पुष्कळांना वाटायचं मी स्टेजसमोर फुकट पुढची जागा अडवून बसतो. मी खरं तर पूर्ण वेळ मोजत बसलेला असायचो, गाणं ऐकलं ते फार थोडं.

माठातलं पाणी आणि लाल दिवा

फोटो धुण्याचं काम रविवारी, काकांच्या डार्करूममध्ये. ती म्हणजे स्टुडिओमागची मोरी, खिडकीला काळं कापड. अंधारात चाचपडत रोल टाकीत भरायचा, मग डेव्हलपर. औषधाचं पाणी साधारण वीस अंशांवर लागतं, आणि मिरजेच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कधीच तेवढं गार नसतं. गरम पाण्यात फिल्मवरचा थर फुगतो, मऊ पडतो, नखाने निघतो. म्हणून औषध रात्रभर माठातल्या पाण्यात कालवून ठेवायचं आणि टाकी बर्फाच्या परातीत. मग हायपो, मग भरपूर पाणी, आणि शेवटी दोरीला चिमटे लावून निगेटिव्ह वाळत. त्या वेळी पंखा लावायचा नाही, धूळ बसते.

वाळल्यावर सगळ्या पट्ट्या एका कागदावर ठेवून काँटॅक्ट प्रिंट काढायची. एका पानावर 36 टपाल तिकिटांएवढे फोटो. इथून निवड सुरू. सर, बाई, काका, मी आणि संपादक मंडळातले चौघे भिंगातून बघायचो आणि लाल पेन्सिलीने खुणा करायचो. बहुतेक फोटो लगेच बाद व्हायचे. हललेला, डोळे अर्धे मिटलेला, मायक्रोफोन तोंडावर आलेला. मायक्रोफोनने आपले जितके फोटो खाल्ले तितके उजेडानेही खाल्ले नसतील.

निवडलेला फोटो एन्लार्जरखाली. लाल दिव्यात कोरा कागद औषधात टाकल्यावर आधी केस, मग भुवया, मग डोळे उमटत जातात, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला आयुष्यभर पुरतं. चेहरा फार काळा येत असेल तर तेवढ्या भागावर उजेड पडताना हाताची सावली धरायची. मागचा पडदा फार उजळ असेल तर तेवढ्याला जास्त उजेड द्यायचा. काका यासाठी तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली वापरायचे. आज संगणकावर हीच कामं करणाऱ्या बटणांवर काळी टिकली आणि उजेड पडू देणारी मूठ अशी चित्रं असतात. काकांची टिकलीच ती, असं मला दर वेळी वाटतं.

ब्लॉकचा हिशेब

इथपर्यंतचं काम आपलं. पुढचं काम पैशाचं होतं.

खिळ्यांच्या छपाईत फोटो तसाच छापता येत नाही, कारण शाई एकतर लागते किंवा लागत नाही, मधला करडा रंग तिला माहीत नाही. म्हणून फोटोची नक्कल काचेवरच्या बारीक जाळीतून घ्यायची. सगळा फोटो लहानमोठ्या ठिपक्यांत फुटतो, गडद भागात मोठे ठिपके आणि उजळ भागात बारीक. ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरायचे आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा झाला ब्लॉक. आपले ब्लॉक कोल्हापुरातून करून यायचे. ब्लॉकची आकारणी क्षेत्रफळावर होती. जितका रुंद-उंच फोटो, तितके पैसे.

त्यामुळे प्रत्येक फोटोवर ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीने चौकट आखायची हा शेवटचा संस्कार. चौकटीतलं छापायचं, बाहेरचं सोडायचं. ते काम माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता. रिकामी सतरंजी काप. वरचा पडदा काप. अर्धा आलेला पेटीवाला काप. चौकट आवळत आणली की चेहरा मोठा होतो, ब्लॉक लहान होतो, फोटोही उठून दिसतो आणि खजिनदारही खूश.

1988 च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी निवडलेला फोटो काँटॅक्ट प्रिंटवर 23 व्या क्रमांकाचा होता. शाळेच्या संगीतसभेतला. आपल्या वर्गातला आपला गवई, समेवर नुकताच आलेला, डावा हात हवेत थांबलेला, चेहऱ्यावर सुटल्यासारखा आनंद. मागे डावीकडे तंबोऱ्यावर आपल्याच वर्गातली मैत्रीण, सतारमेकर गल्लीत राहणारी. उजवीकडे दुसरा तंबोरा, त्यावर नववीतली एक मुलगी. नावं इथे मुद्दाम लिहीत नाही, का ते शेवटी सांगतो.

डावीकडचा तंबोरा फोटोत अंधारात होता. दिवे दोनच, दोन्ही गायकावर. प्रिंटमध्ये तिचा चेहरा मी हाताची सावली धरून थोडा वर आणला होता, पण ब्लॉकमध्ये तो टिकणार नाही असं सर म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आता गणित करून पाहिलं. आपल्या साध्या कागदाला इंचाला 85 ठिपक्यांची जाळी. ब्लॉक तीन इंच रुंद म्हणजे आडव्या ओळीत 255 ठिपके. स्टेजचा सुमारे तीन मीटरचा भाग फोटोत होता, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला प्रत्यक्षातले जवळजवळ 12 मिलिमीटर. तंबोऱ्याची तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती ठिपक्यांच्या मधून गळून जाणार, आणि मागे उरणार एक काळा आकार, ज्यात भोपळा कुठला आणि माणूस कुठला ते कळणार नाही. "डाग पडल्यासारखं दिसेल," सर म्हणाले. खजिनदाराने क्षेत्रफळाचा हिशेब मांडला. मी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. दोन्ही तंबोरे चौकटीबाहेर गेले.

अंक देखणा झाला. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी ते मुखपृष्ठ काच लावून ठेवलं होतं.

वाटप झालं त्या दिवशी ती अंक घेऊन व्हरांड्यात उभी होती. मुखपृष्ठ बघत होती. मी जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच जवळ गेलो. तिने डाव्या कडेवर बोट ठेवलं. रेघ मी अगदी काटेकोर मारली नव्हती, कडेला तिच्या उजव्या हाताची दोन बोटं राहून गेली होती, तारेवर. "माझी बोटं आलीत," ती म्हणाली. रागावली नव्हती. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं, तंबोरा आपला आहे म्हणून." तो तंबोरा तिच्या वडिलांनी केलेला होता. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, तबलीवरची नक्षी आणि सभेच्या सकाळी घोडीवर बसून लावलेली जवारी. शाळेला त्यांनी तो सभेपुरता दिला होता. अंकात त्यांचं नाव कुठेही नव्हतं. फोटोखाली गायकाचं नाव होतं, तबलजीचं होतं, फोटो काढणाऱ्याचं, म्हणजे माझंही होतं.

मी "ब्लॉकला जागा नव्हती" असं काहीतरी पुटपुटलो. ते खरंही होतं. पण घरी जाऊन मी चारही वर्षांचे अंक काढून बसलो आणि मोजलं. चार अंकांत गाणाऱ्यांचे फोटो अकरा. तंबोरा पूर्ण दिसेल असा एक. तंबोरा धरणाऱ्याचं नाव एकाही फोटोखाली नाही. तंबोऱ्यांचं गाव म्हणवणाऱ्या मिरजेतल्या अंकाची ही गत. यात आपण काही वेगळं पाप केलं असंही नाही. जुन्या 78 च्या तबकड्यांवर गायकाचं नाव असे, साथीदारांचं बहुधा नसे, आणि तंबोऱ्याचं तर विचारूच नका. रिवाजच तसा होता. आपण तो खाली मान घालून चालवला.

कारण गेलं, कात्री राहिली

यापुढची गोष्ट मला जास्त टोचते.

2003 साली शाळेच्या मुलांनी संगीतांक पुन्हा काढला आणि फोटो कसे निवडायचे ते सांगायला मला बोलावलं. सगळं बदललं होतं. डिजिटल कॅमेरा, रोलची काटकसर नाही, एका सभेचे चारशे फोटो. मजकूर संगणकावर जुळवलेला, छपाई ऑफसेटची, ब्लॉक नाहीत, क्षेत्रफळाला पैसे नाहीत. फोटोशॉपमध्ये एक मुलगा माझ्यासमोर बसला, उत्तम हात चालत होता त्याचा. पहिलाच फोटो उघडला, माउसने चौकट ओढली आणि दोन्ही तंबोरे बाहेर टाकले. मी विचारलं, "का कापलेस?" तो म्हणाला, "सर, फोटो असाच करतात ना?" त्याने नमुना म्हणून समोर ठेवला होता आपला 1988 चा अंक.

मी त्याला ब्लॉकची गोष्ट सांगितली. त्याने ऐकली आणि चौकट मागे घेतली. पण सगळीकडे सांगायला कोण जाणार? आज मोबाईल उभा धरून गाणं टिपतात, त्या उभ्या पट्टीत तर फक्त गायकच मावतो. उजेड कमी पडत नाही, जाळी नाही, पैसे लागत नाहीत, तरी तंबोरा बाहेरच. एकेकाळी नाइलाजाने मारलेली रेघ कशी हळूहळू चांगल्या फोटोची व्याख्या होऊन बसते ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ती रेघ माझ्या पट्टीने मारलेली होती.

23 नंबर

काका पुढे सांगलीला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी आपल्या चार वर्षांच्या निगेटिव्ह पट्ट्या पाकिटांत घालून माझ्या हातात दिल्या. "तुझं तू सांभाळ. माझ्याकडे ढीग झालाय." 2005 च्या पुरात त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह, गावातली लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळ्याचा चिखल झाला. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा ते एकेक पट्टी बादलीत धुऊन बघत होते. थर सुटून पाण्यात तरंगत होता. 2019 च्या पुरात आपल्यापैकी कुणाकुणाच्या घरचे अल्बम गेले ते मला फोनवर कळलंच आहे. आपल्या संगीतांकाच्या पट्ट्या वाचल्या त्या केवळ काकांनी ऐनवेळी दिल्या आणि माझ्या घराला माळा आहे म्हणून.

या स्मरणिकेसाठी मी त्या स्कॅन केल्या. 3200 च्या घनतेने एका चौकटीचे आडवे 4500 आणि उभे 3000 ठिपके मिळतात. ब्लॉकमध्ये 255 होते. 23 नंबर पडद्यावर उघडला आणि डावीकडे सरकवत नेला.

ती तिथे आहे. फिल्मचा कण उठलाय, चेहरा अंधुक आहे, पण नजर दिसते. सगळे गायकाकडे बघतायत, ती एकटी खाली, आपल्या बोटांकडे, कारण समेच्या गलक्यातसुद्धा तिला सूर तुटू द्यायचा नाही. तारा दिसतात, उजेडाच्या चार बारीक रेघा. तबलीवरची नक्षी दिसते. उजवीकडची नववीतली मुलगी दिसते, तिच्या मागे विंगेत हातातल्या घड्याळाकडे बघणारे सर, आणि अगदी कडेला पडद्याआड उभे राहून ऐकणारे, टोपी घातलेले एक गृहस्थ. फोटो मोठा केल्यावर मी ओळखलं. ते तिचे वडील. आपला तंबोरा स्टेजवर कसा बोलतो ते ऐकायला आले होते. मी तेव्हा स्टेजसमोर बसून मात्रा मोजत होतो, मला ते दिसलेच नाहीत.

मी तिला फोटो पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांचा हा एकच फोटो आहे ज्यात ते कामावर नाहीत आणि लग्नातही नाहीत." वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा भाऊ आता ते दुकान चालवतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दुकानात लावायला त्यांना वडिलांचा फोटो हवा होता, मिळाला नव्हता.

पुढच्या पानावर 23 नंबर पूर्ण छापला आहे, कडेपासून कडेपर्यंत, एक रेघही न कापता. समितीने त्यासाठी दोन पानं दिली, त्यांचे आभार. फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आहेत, तंबोऱ्यावरच्या दोघींची, पडद्याआडच्या गृहस्थांची आणि "तंबोरा कोणी केला" त्याचीही. लेखात नावं लिहिली नाहीत ती याचसाठी. ती फोटोखालीच वाचावीत, जिथे 1988 सालीच यायला हवी होती.

आता सगळ्यांना एक विनंती. घरी जाऊन जुने फोटो काढा. निगेटिव्ह असतील तर फेकू नका, प्लॅस्टिकच्या चिकट अल्बममधून काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि तळमजल्यावर ठेवू नका. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, सगळ्यांची नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब समोर उमटतो. ज्यांची नावं आठवत नसतील ती एकमेकांना विचारा, अजून विचारायला माणसं आहेत.

आणि मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी आपला गवई गाणार आहे. साथीला तंबोऱ्यावर तीच बसणार आहे, तिने कबूल केलंय. मोबाईल काढाल तेव्हा आडवा धरा.